पीएसए अँटीबॉडी: ठाणे-नवी मुंबईतून सतत येणारे प्रश्न

ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजीच्या, म्हणजे ऊतींच्या तपासणीच्या, बेंचवर काम करताना प्रोस्टेट या पुरुषांच्या ग्रंथीत बनणारं पीएसए आणि ते शोधणारी अँटीबॉडी यांबद्दलचे प्रश्न माझ्याकडे तीन बाजूंनी येतात. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) करणारी मुलं विचारतात, खारघर-महापे पट्ट्यातले संशोधक विद्यार्थी विचारतात आणि हातात वडिलांचा रिपोर्ट घेऊन आलेली माणसं विचारतात. प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. पहिले अकरा सगळ्यांसाठी आहेत. बाराव्यापासून पुढचे मुख्यतः लॅबवाल्यांसाठी, शेवटचा मात्र पुन्हा सगळ्यांचा. उपचार कोणता घ्यावा, हे इथे सापडणार नाही; ते तुमच्या यूरॉलॉजिस्टनाच विचारा.

१. पीएसए म्हणजे नेमकं काय? ते आजाराचं लक्षण आहे का?

पीएसए म्हणजे प्रोस्टेट स्पेसिफिक अँटिजेन. हे आजाराने तयार होणारं प्रोटीन नाही, निरोगी प्रोस्टेटही ते रोज तयार करते. प्रोस्टेटमधल्या बारीक ग्रंथींच्या आतल्या थरातल्या पेशी ते बनवतात आणि वीर्यात सोडतात. बाहेर आलेलं वीर्य सुरुवातीला जेलीसारखं घट्ट असतं, कारण सेमिनोजेलिन नावाच्या प्रोटीनची जाळी त्याला धरून ठेवते. पीएसए हे एक एन्झाइम आहे. ते ही जाळी कापतं, वीर्य पातळ होतं आणि शुक्राणूंना वाट मिळते. त्याचं जनुक केएलके३ या नावाने ओळखलं जातं आणि ते १९ व्या गुणसूत्रावर असतं.

वीर्यात पीएसए मिलिग्रॅमच्या हिशेबात असतं, रक्तात नॅनोग्रॅमच्या. म्हणजे साधारण दहा लाख पटींचा फरक. ग्रंथीची बांधणी कुठे विस्कटली की थोडं जास्त रक्तात झिरपतं. विस्कटण्याचं कारण संसर्ग असू शकतं, वयानुसार झालेली वाढ असू शकते किंवा कॅन्सर.

२. बाबांच्या बायोप्सी रिपोर्टवर “अँटीबॉडी: पीएसए” लिहिलंय. त्यांच्या अंगात काही अँटीबॉडी तयार झाली आहे का?

नाही. कोविडपासून अँटीबॉडी म्हटलं की रक्तात तयार होणारी, असंच डोळ्यांसमोर येतं, म्हणून हा गोंधळ होतो. रिपोर्टवरची अँटीबॉडी लॅबमध्ये वापरायचं एक साधन आहे आणि ती बाटलीतून येते. उंदराला किंवा सशाला माणसाचं पीएसए टोचलं की त्याची प्रतिकारशक्ती ते ओळखणारे प्रतिपिंड, म्हणजेच अँटीबॉडी, तयार करते. उंदराची प्रतिपिंड बनवणारी एक पेशी न मरणाऱ्या कॅन्सर पेशीशी जोडली, तर एकाच साच्यातली अँटीबॉडी हवी तेवढी मिळत राहते. हायब्रिडोमाची ही पद्धत कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ मध्ये मांडली. १९८४ च्या नोबेल पारितोषिकात त्या दोघांचा वाटा होता.

रिपोर्टवर शेजारी “क्लोन ईआर-पीआर८” असं काही लिहिलेलं असेल, तर ते त्या साच्याचं नाव आहे. रुग्णाबद्दल ते काहीच सांगत नाही.

३. रक्ताची पीएसए टेस्ट आणि स्लाइडवरचं पीएसए स्टेनिंग एकच का?

शोधायचं प्रोटीन एकच, पण विचारलेला प्रश्न वेगळा. रक्ताच्या चाचणीत दोन अँटीबॉडी लागतात. एक पीएसएला पकडून ठेवते, दुसरी त्याच रेणूच्या दुसऱ्या जागी चिकटून खूण देते. त्या खुणेवरून आकडा निघतो. स्लाइडवर, म्हणजे आयएचसीत (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत), अँटीबॉडी थेट पेशींवर घालतात. जिथे पीएसए आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. इथे किती यापेक्षा कुठे आणि कोणत्या पेशीत, हे बघायचं असतं.

त्यामुळे रक्तातला आकडा मोठा म्हणून स्टेन गडद येईलच, असं नाही. उलटही तेवढंच खरं. का, ते प्रश्न १० मध्ये आहे.

४. रक्तातला पीएसए ६ आला. कॅन्सर आहे का?

या आकड्यावरून कुणीच तसं सांगू शकत नाही. पूर्वापार ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही रेघ मानली जाते, पण ती दोन्ही बाजूंनी सच्छिद्र आहे. ४ ते १० मध्ये आकडा असलेल्या पुरुषांच्या बायोप्सीत साधारण चारातल्या एकाला कॅन्सर सापडतो. दुसरीकडे, अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात की आकडा ४ किंवा त्याखाली असलेल्यांतही सुमारे १५ टक्क्यांच्या बायोप्सीत तो निघाला.

रक्त देण्याआधी एवढं मात्र डॉक्टरांना सांगाच: लघवीचा संसर्ग झाला होता का, लघवी अडून नळी घातली होती का, गेल्या सहा आठवड्यांत प्रोस्टेटची बायोप्सी झाली का, आणि फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट लहान करणारी औषधं) चालू आहे का. ही औषधं सहा महिन्यांत आकडा जवळपास निम्म्यावर आणतात. म्हणजे गोळी घेणाऱ्याचा ३ हा प्रत्यक्षात ६ सारखा वाचावा लागतो. ही एक गोष्ट घरच्यांनी सांगितली नाही, तर आमच्याकडचं कोणतंही यंत्र ती ओळखू शकत नाही. स्खलनानेही आकडा थोडा वर जातो, म्हणून दोन दिवस आधी थांबायला सांगतात. संकोच वाटला तरी पाळा.

५. एकाच आठवड्यात ठाण्यात ५.१ आणि वाशीत ४.० आला. कुठली लॅब चुकली?

बहुधा कुठलीच नाही. रक्तातलं बहुतेक पीएसए सुटं नसतं, ते अँटिकायमोट्रिप्सिन नावाच्या प्रोटीनला बांधलेलं असतं. थोडं सुटं फिरतं, त्याला फ्री पीएसए म्हणतात. काही पीएसए आल्फा-२-मॅक्रोग्लोब्युलिन या अवाढव्य रेणूच्या पोटात जातं आणि तिथे अँटीबॉडीला दिसतच नाही. टोटल पीएसएच्या चाचणीतल्या अँटीबॉडींनी सुटं आणि बांधलेलं सारख्याच वजनाने मोजावं, अशी अपेक्षा असते. प्रत्येक कंपनीच्या अँटीबॉडीची जोडी वेगळी, त्यामुळे हे जमण्यात फरक पडतो.

दुसरं कारण मापाचं. काही किट जुन्या हायब्रिटेक मापावर बेतलेले आहेत, काही जागतिक आरोग्य संघटनेच्या मापावर. दुसऱ्या मापावर तोच नमुना २० ते २५ टक्के कमी वाचला जातो. ५.१ आणि ४.० मधलं अंतर तेवढंच आहे. म्हणून पाठपुरावा करायचा तर लॅब एकच धरा, आणि रिपोर्टवर पद्धतीचं नाव छापलेलं नसेल तर मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

६. आकडा रुग्णाच्या तब्येतीशी जुळतच नाही. असं का होतं?

हे क्वचित होतं, पण होतं. तीन गोष्टी आधी तपासाव्यात.

केस-नखांसाठी बायोटिनचा मोठा डोस चालू असेल आणि किटमध्ये बायोटिन आणि त्याला घट्ट धरणारं स्ट्रेप्टाव्हिडिन यांची जोडी असेल, तर पीएसए खोटं कमी येतं. काही लोकांच्या रक्तात उंदराच्या अँटीबॉडीलाच चिकटणारे प्रतिपिंड असतात. ते किटमधल्या दोन अँटीबॉडींमध्ये पूल बांधतात आणि पीएसए नसतानाही आकडा देतात. प्रोस्टेट काढून टाकल्यावर शून्याजवळ असायला हवा तो आकडा अचानक वर आला आणि बाकी काहीच सापडत नसेल, तर पुढच्या उपचाराआधी याची शंका घ्यायला हवी. तिसरी गोष्ट याच्या उलट आहे. हाडांत पसरलेल्या आजारात पीएसए इतकं प्रचंड असतं की दोन्ही अँटीबॉडी वेगवेगळ्या रेणूंवर खर्च होतात, जोडी जुळत नाही आणि आकडा फसवा कमी येतो.

बायोटिन असेल तर ते थांबवून डॉक्टरांच्या सल्ल्याने पुन्हा रक्त घेतात. बाकी दोन्हींवर उपाय साधा आहे: नमुना पातळ करून पुन्हा लावणे आणि वेगळ्या पद्धतीच्या किटवर ताडून पाहणे. लॅबला फोन करून तसं सांगा. चांगली लॅब त्याचा राग धरत नाही.

७. पनवेलला घेतलेलं रक्त ठाण्याला यायला दिवस जातो. फ्री पीएसए चालेल का?

टोटल पीएसए बऱ्यापैकी दमदार आहे, फ्री पीएसए नाजूक आहे. रक्त काढल्यावर तीनेक तासांत सीरम (गोठलेल्या रक्तावरचा पातळ भाग) वेगळं करायला हवं. ते थंड पेटीत ठेवून २४ तासांत लागणार नसेल, तर गोठवलेलं बरं. न फिरवलेली ट्यूब दुपारभर कलेक्शन सेंटरच्या टेबलावर राहिली तर फ्री पीएसए घटतं, आणि फ्री-टोटलचं प्रमाण कमी दिसलं की कॅन्सरची शंका विनाकारण वाढते. ट्यूब फिरवून सीरम वेगळं करणारा सेंट्रिफ्यूज पनवेललाच हवा.

८. स्लाइडवर पीएसए पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर ना?

नाही. हा गैरसमज डीएमएलटीच्या मुलांमध्येही दरवर्षी भेटतो, म्हणून जरा ठासून सांगते. निरोगी प्रोस्टेटच्या ग्रंथींवर पीएसए सुंदर गडद उमटतं. ते पेशीचं मूळ गाव सांगतं, वागणूक सांगत नाही. मानेच्या गाठीत किंवा मणक्यात सापडलेल्या कॅन्सरचं मूळ प्रोस्टेटमध्ये आहे का, हे विचारायला ही अँटीबॉडी उत्तम. प्रोस्टेटच्याच बायोप्सीत कॅन्सर आहे की नाही, हे ठरवायला तिचा उपयोग नाही.

त्यासाठी बेसल पेशींचे मार्कर लागतात, म्हणजे पी६३ आणि जड सायटोकेराटिन. निरोगी ग्रंथीभोवती बेसल पेशींची ओळ असते, कॅन्सरच्या ग्रंथीभोवती ती नसते. सोबत एएमएसीआर या एन्झाइमची अँटीबॉडी लावतात, ते कॅन्सरमध्ये सहसा वाढलेलं दिसतं. या तिघांना एकत्र वाचायचं काम पॅथॉलॉजिस्टचं.

९. नावातच “स्पेसिफिक” आहे. मग बाईच्या नमुन्यात कसं दिसलं?

नाव ठेवलं त्या काळात जेवढं माहीत होतं, तेवढ्यावरून ठेवलं गेलं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या रॉसवेल पार्कमध्ये वांग, चू आणि सहकाऱ्यांनी हे प्रोटीन प्रोस्टेटच्या ऊतीतून शुद्ध केलं, तेव्हा ते फक्त तिथलंच वाटलं होतं. पुढे ते बायकांच्या मूत्रमार्गाजवळच्या स्कीन ग्रंथींत, आईच्या दुधात आणि गर्भजलातही सापडलं. स्तनाच्या काही गाठी आणि लाळग्रंथींच्या काही गाठीही पीएसए पॉझिटिव्ह येतात. प्रमाण कमी असतं, पण अँटीबॉडी खोटं बोलत नाही, तिथे ते खरंच असतं. रिपोर्ट लिहिताना रुग्णाचं लिंग, गाठीची जागा आणि बाकीचे मार्कर यांच्याशिवाय एकट्या पीएसएवर बोट ठेवू नये, ते यामुळेच.

१०. कॅन्सर प्रोस्टेटचाच आहे असं डॉक्टर म्हणतात, तरी स्टेन निगेटिव्ह. हे शक्य आहे?

शक्य आहे. पीएसएचं जनुक पुरुष हार्मोनच्या हुकमावर चालतं. हार्मोन दाबणारा उपचार झाला असेल तर पेशी पीएसए बनवणं कमी करतात. उच्च ग्रेडच्या, बिघडलेल्या पेशी आपलं मूळचं काम विसरत जातात, तिथेही स्टेन फिका किंवा तुकड्यातुकड्यांत येतो. न्यूरोएंडोक्राइन प्रकारात, म्हणजे पेशी हार्मोन सोडणाऱ्या चेतापेशींसारख्या वागू लागतात तिथे, तो बऱ्याचदा पार नाहीसा होतो.

म्हणून एकट्या पीएसएवर थांबायचं नाही, प्रोस्टेटचे दुसरे मार्करही लावायचे. एनकेएक्स३.१ केंद्रकात उमटतं आणि उच्च ग्रेडमध्येही बऱ्याचदा टिकतं. प्रोस्टीन केंद्रकाशेजारी ठिपक्यांसारखं दिसतं. प्रोस्टॅटिक ॲसिड फॉस्फटेजही लावतात, पण गुदाशयाच्या काही न्यूरोएंडोक्राइन गाठी त्यालाही पॉझिटिव्ह येतात, तेवढं भान ठेवावं. आणि निगेटिव्ह मानण्याआधी प्रश्न १७ वाचा. निगेटिव्हचं सर्वांत साधं कारण तिथे दडलेलं असतं.

११. पीएसए आणि पीएसएमए एकच का?

एका अक्षराचा फरक, पण रेणू पूर्ण वेगळे. पीएसए पेशीबाहेर सोडलं जातं. पीएसएमए (प्रोस्टेट स्पेसिफिक मेम्ब्रेन अँटिजेन) पेशीच्या आवरणात रुतून बसतं, म्हणून त्याला गॅलियम-६८ सारखी किरणोत्सारी खूण चिकटवून पेट स्कॅनमध्ये पेशी कुठे आहेत ते दिसतं. ऑर्डर फॉर्मवर दोन्ही पूर्ण लिहा. घाईच्या अक्षरात मधला एम हरवतो.

१२. मोनोक्लोनल घ्यावी की पॉलिक्लोनल?

आयएचसीत दोन्ही चालतात, स्वभाव वेगळे आहेत. सशाची पॉलिक्लोनल पीएसएच्या अनेक जागा एकदम ओळखते. फिक्सेशन (फॉर्मलिनमध्ये ऊती टिकवणं) जरा बिघडलं असलं तरी एखादी जागा शाबूत सापडते, म्हणून ती जास्त संवेदनशील वाटते. पण तीच तिची अडचणही आहे. पीएसएचं एक जुळ्यासारखं भावंड आहे, एचके२. दोघांची अमिनो आम्लांची रचना सुमारे ८० टक्के सारखी. पॉलिक्लोनल त्यालाही चिकटू शकते. एचके२ सुद्धा प्रोस्टेटचंच असल्याने मूळ गाव ठरवताना फारसं बिघडत नाही. रक्तातलं पीएसए मोजायचं असेल तर मात्र ही भेसळ चालणार नाही.

मोनोक्लोनल एकाच जागेला चिकटते, आणि बॅचमागून बॅच तीच राहते. रोजच्या निदानाला मी मोनोक्लोनल पसंत करते. पत्रकावर “कशासाठी तपासली आहे” हे वाचूनच मागवा. एलायझात (द्रव नमुन्यावरच्या अँटीबॉडी चाचणीत) उत्तम चाललेला क्लोन फॉर्मलिनमधल्या ऊतीवर चालेलच, याची खात्री नसते, कारण त्याची ओळखीची जागा फॉर्मलिनने झाकली जाऊ शकते.

१३. कॉन्सन्ट्रेट आणलंय. डायल्यूशन किती ठेवू?

पत्रकावरचा आकडा फक्त सुरुवात. एकाच प्रोस्टेट ब्लॉकचे (मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्याचे) सेक्शन, म्हणजे पातळ काप, १:५०, १:१००, १:२०० आणि १:४०० वर लावा. १:१०० म्हणजे १० मायक्रोलिटर अँटीबॉडी आणि ९९० मायक्रोलिटर डायल्यूएंट. ज्या डायल्यूशनला ग्रंथी स्पष्ट आणि स्ट्रोमा (ग्रंथींभोवतीची आधार देणारी ऊती) स्वच्छ, ते घ्या. सर्वांत गडद घेऊ नका. पीएसए निरोगी ग्रंथींत इतकं भरपूर असतं की जास्त अँटीबॉडीने सगळंच काळपट होतं, आणि मग फिक्या कॅन्सर पेशी ओळखू येत नाहीत. म्हणून एक सेक्शन मुद्दाम फिका पॉझिटिव्ह असलेल्या गाठीचाही ठेवा. नवी बॅच आली की हे पुन्हा करा.

१४. कुरियर पावसात अडकला, बर्फाच्या पिशव्या वितळल्या. बाटली फेकू का?

लगेच फेकू नका. रुळांवर पाणी आलं की ट्रान्स-हार्बर लोकल थांबते, घोडबंदर रोड तुंबतो आणि पेटी एखाद्या दिवसाने पोहोचते. असं दर पावसाळ्यात होतं. आमची एक पेटी शनिवारपासून सोमवारपर्यंत वॉचमनच्या केबिनमध्ये पडून होती. अँटीबॉडी हा तसा चिवट रेणू आहे, एखाद-दोन दिवसांच्या उबेने तो सहसा मरत नाही. पण सहसा या शब्दावर रुग्णाचा रिपोर्ट देता येत नाही. जुन्या बाटलीसोबत नवी बाटली एकाच ब्लॉकवर लावा, शेजारी ठेवून बघा आणि नोंद करून मगच वापरात घ्या.

एरवी २ ते ८ अंशांत, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात. दारात ठेवू नका, तिथे तापमान सारखं हलतं. पत्रकात उणे २० सांगितलं असेल तर छोट्या अलिक्वॉटमध्ये वाटून एकदाच गोठवा. पुन्हापुन्हा वितळवणं-गोठवणं उबेपेक्षा वाईट. डायल्यूट केलेली अँटीबॉडी गोठवू नये.

टिकण्यासाठी घातलेलं सोडियम अझाइड रंग उमटवणाऱ्या एचआरपी एन्झाइमला मारतं, म्हणून एचआरपी जोडलेल्या अँटीबॉडीत ते नको. बेसिनमध्ये ओतायचं तर भरपूर पाण्यासोबतच. शिसं किंवा तांब्याच्या पाइपात साचलं तर त्याचे स्फोटक क्षार बनतात.

१५. अँटिजेन रिट्रीव्हल प्रेशर कुकरमध्ये केलं तर चालतं?

चालतं. कितीतरी छोट्या लॅब वर्षानुवर्षं तेच वापरतात. फॉर्मलिन प्रोटीनना एकमेकांत बांधून टाकतं, उष्णता त्या गाठी सैल करते. स्टीलचा कुकर घ्या, तो फक्त लॅबसाठी ठेवा. १० मिलिमोलर सायट्रेट बफर, पीएच ६, आधी उकळू द्या. मग स्लाइडचा रॅक आत, झाकण बंद, पूर्ण दाब आल्यावर दोन ते तीन मिनिटं. गॅस बंद करून दाब उतरू द्या आणि बफरमध्येच वीस मिनिटं निवू द्या. गरम स्लाइड थेट नळाखाली धरली तर सेक्शन सुटतो.

शिट्ट्या मोजू नका, घड्याळ लावा. आणि पीएच मीटर त्याच सकाळी कॅलिब्रेट करा. काही क्लोनना पीएच ९ चं ट्रिस-ईडीटीए जास्त मानवतं, तेव्हा पत्रकासोबत आपलाही अनुभव लिहून ठेवा.

१६. जुलै-ऑगस्टमध्ये सेक्शन का सुटतात?

हवेतली आर्द्रता. सेक्शनखाली पाण्याचा पातळ थर राहतो आणि उकळल्यावर तोच उचलतो. चार्ज्ड किंवा पॉली-एल-लायसिन लावलेल्या स्लाइड वापरा. सेक्शन तीन-चार मायक्रॉनचा, स्लाइड उभी करून पाणी निथळू द्या. मग रात्रभर ३७ अंशांत किंवा तासभर ६० अंशांत. पंख्याखाली वाळवून ठाण्याच्या पावसाळ्यात भागत नाही.

१७. कंट्रोल रोज लावायलाच हवा का? किटचे पैसे फार लागतात.

हो, प्रत्येक बॅचला. कंट्रोल म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेली स्लाइड. या एका गोष्टीवर मी कुणालाच सवलत देत नाही. एकदा आमच्या बेंचवर एका मणक्याच्या बायोप्सीचा पीएसए निगेटिव्ह आला. रिपोर्ट टाइपही झाला होता. कंट्रोल स्लाइड बघितली तर तीही कोरी. पहिल्या अँटीबॉडीला चिकटून रंग देणाऱ्या दुसऱ्या अँटीबॉडीची बाटली सुरू करताना तारीख कुणी पाहिली नव्हती. नवीन बाटलीने पुन्हा लावल्यावर तीच बायोप्सी लख्ख पॉझिटिव्ह. ते निगेटिव्ह बाहेर गेलं असतं तर त्या माणसाच्या उपचाराची दिशाच बदलली असती. तो दिवस आठवला की आजही पोटात गोळा येतो.

पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणजे निरोगी प्रोस्टेटचा ब्लॉक, रुग्णाच्याच स्लाइडच्या कोपऱ्यात लावला तर उत्तम. एक फिका पॉझिटिव्हही हवा. निगेटिव्ह कंट्रोलसाठी पहिल्या अँटीबॉडीऐवजी त्याच जातीची, त्याच प्रकारची पण असंबद्ध अँटीबॉडी. प्रोस्टेटच्या बायोप्सीत शेजारची निरोगी ग्रंथी फुकटचा कंट्रोल देते. ती रंगली नसेल तर कॅन्सर पेशींवर मत देऊ नका.

१८. सगळीकडेच तपकिरी झालंय. कुठे चुकलं?

पहिल्यांदा ऊतीतलं मूळचं पेरॉक्सिडेज एन्झाइम मारलं का, ते बघा. त्यासाठी ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, तेही ताजं. मग अँटीबॉडी फार घट्ट तर नाही, ते प्रश्न १३ प्रमाणे तपासा. सेक्शन मध्येच वाळला असेल तर कडांवर गडद पट्टा येतो. टीयूआरपीच्या (लघवीच्या वाटेने प्रोस्टेट खरवडण्याच्या ऑपरेशनच्या) तुकड्यांच्या जळलेल्या कडा असाच खोटा रंग धरतात, तिथे वाचूच नये.

पीएसएची मात्र एक खास अडचण आहे, कारण ते बाहेर सोडलं जाणारं प्रोटीन आहे. फिक्सेशनला उशीर झाला की ते ग्रंथीतून आजूबाजूच्या स्ट्रोमात पसरतं आणि तिथेच फिक्स होतं. मग स्ट्रोमावर दिसणारा रंग खऱ्या पीएसएचा असतो, जागा चुकीची असते. धुण्याने तो जात नाही. एका हॉस्पिटलातून टीयूआरपीचे तुकडे रात्रभर सलाइनमध्ये ठेवून यायचे आणि आम्ही महिनाभर बफर बदलत बसलो होतो. शेवटी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांशी बोललो, न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनचे डबे तिथेच भरून ठेवले, तुकड्यांच्या दहापट फॉर्मलिन. त्यानंतर स्लाइड स्वच्छ आल्या. थिएटरमधल्या त्या पहिल्या दहा मिनिटांची भरपाई लॅबमध्ये करता येत नाही.

१९. वेस्टर्न ब्लॉटवर पट्टा ३३ वर हवा होता, ९० च्या आसपास आला. अँटीबॉडी खराब आहे का?

बहुधा नाही. वेस्टर्न ब्लॉटमध्ये प्रोटीन जेलवर आकारमानाप्रमाणे वेगळी करून अँटीबॉडीने शोधतात; तिथे सुटं पीएसए ३३ किलोडाल्टनच्या आसपास धावतं. सीरम लावलं असेल तर अँटिकायमोट्रिप्सिनला जोडलेलं पीएसए ९० ते १०० च्या दरम्यान दिसतं. ती जोडणी इतकी पक्की असते की एसडीएसमध्ये (प्रोटीन उलगडणाऱ्या डिटर्जंटमध्ये) उकळूनही सुटत नाही. २६ जवळचा पट्टा साखरेची साखळी नसलेल्या पीएसएचा असू शकतो. त्याहून लहान तुकडे रिड्यूसिंग (डायसल्फाइड बंध तोडणाऱ्या) जेलमध्येच दिसत असतील, तर ते आतून कापलं गेलेलं पण डायसल्फाइड बंधांनी एकत्र राहिलेलं पीएसए आहे. तोच नमुना रिड्यूसिंग एजंटशिवाय लावा, उत्तर मिळेल.

५० आणि २५ वर ठसठशीत पट्टे असतील तर ते पीएसएचे नाहीत. इम्युनोप्रेसिपिटेशनमध्ये, म्हणजे नमुन्यातून प्रोटीन ओढून काढायला, वापरलेल्या अँटीबॉडीच्याच त्या साखळ्या.

२०. एलएनकॅप पेशी पॉझिटिव्ह असतात म्हणतात. माझ्या लायसेटमध्ये काहीच का नाही?

एलएनकॅप या लॅबमध्ये वाढवलेल्या प्रोस्टेट कॅन्सर पेशी आणि लायसेट म्हणजे फोडलेल्या पेशींचा द्रव; पीएसए मात्र तुम्ही ओतून दिलेल्या मीडियममध्ये (पेशी वाढवायच्या द्रवात) असेल. पेशी ते साठवत नाहीत, सोडून देतात. पेशी भरल्या की २४ ते ४८ तास सीरमशिवाय ठेवा, मीडियम गोळा करा, १० किलोडाल्टनच्या फिल्टरवर आटवा आणि लायसेटच्या शेजारी लावा. सीरमसह लावलंत तर अल्ब्युमिन जेलचा मधला भाग फुगवून टाकतं. पेशीच्या आतच बघायचं असेल, तर काही तास ब्रेफेल्डिन ए देऊन बाहेर जाणारी वाट अडवतात.

हार्मोनही तपासा. कोळशाने शुद्ध केलेल्या सीरममध्ये पेशी वाढवल्या असतील तर पुरुष हार्मोनच उरत नाही आणि पीएसए घटतं. प्रश्न १० मधलंच कारण. निगेटिव्हसाठी पीसी-३ किंवा डीयू१४५ पेशी घ्या. पेशी पुण्याच्या एनसीसीएसच्या (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सच्या) संग्रहातून घेतल्या तर ओळखीची खात्री राहते. शेजारच्या लॅबच्या फ्लास्कमधून घेतलेल्या पेशी म्हणजे नेमक्या कोणत्या, हा प्रश्न नंतर छळतो.

२१. उंदराच्या प्रोस्टेटवर ही अँटीबॉडी का चालत नाही?

उंदरात शोधायला पीएसएच नाही. केएलके३ जनुक माणूस, वानर आणि काही माकडांत आहे, उंदरात नाही, कुत्र्यातही नाही. उंदरात वाढवलेल्या माणसाच्या गाठीत मात्र ते दिसेल. तिथे उंदराची मोनोक्लोनल वापरली तर दुसरी अँटीबॉडी उंदराच्याच प्रतिपिंडांना चिकटून सगळं रंगवते, म्हणून सशाची घ्या.

२२. प्रोस्टेट आणखी कोणती प्रोटीन सोडते? त्यांच्याही अँटीबॉडी मिळतात का?

मिळतात. पीएसएच्या बरोबरीने भरपूर सुटणारी आणखी दोन आहेत, प्रोस्टॅटिक ॲसिड फॉस्फटेज आणि पीएसपी९४. पहिलं पीएसएच्या कितीतरी आधीचं. पसरलेल्या प्रोस्टेट कॅन्सरमध्ये ते रक्तात वाढतं, हे १९३० च्या दशकातच कळलं होतं.

पीएसपी९४ बद्दल लिहिताना मला विशेष आनंद होतो, कारण त्याची एक वाट आपल्या मुंबईतून गेली आहे. परळच्या इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शनमध्ये, म्हणजे आजच्या एनआयआरआरसीएचमध्ये, ए. आर. शेठ आणि सहकाऱ्यांनी वीर्यातून इन्हिबिनसारखं (एफएसएच हार्मोन दाबणाऱ्या प्रोटीनसारखं) काम करणारं एक छोटं प्रोटीन वेगळं केलं. १९८० च्या दशकात त्याची ९४ अमिनो आम्लांची रचना पुढे आली आणि ते प्रोस्टेटचंच पीएसपी९४ ठरलं. आज एमएसएमबी हे त्याच्या जनुकाचं नाव. कॅन्सरमध्ये त्याचं प्रमाण बहुधा घटतं. २००८ मध्ये या जनुकाजवळचा एक बदल प्रोस्टेट कॅन्सरच्या जोखमीशी जोडला गेला. प्राण्यांगणिक हे प्रोटीन इतकं बदलत गेलं आहे की माणसासाठी बनवलेली अँटीबॉडी उंदरावर चालेल, असं गृहीत धरू नका.

२३. आठ वर्षांपूर्वीची बायोप्सी आहे. त्यावर आता पीएसए लावता येईल?

मेणाचा ब्लॉक नीट ठेवला असेल तर बहुतेक वेळा येतो. कापून ठेवलेल्या कोऱ्या स्लाइड मात्र हवा आणि ओलाव्याने काही महिन्यांतच अँटिजेन गमावू लागतात. जुन्या लॅबकडून मागताना ब्लॉकच मागा, त्याचा नंबर रिपोर्टवर असतो. सेक्शन जिथे स्टेन होणार आहे तिथे, त्याच आठवड्यात कापून घ्या. ब्लॉक हवाबंद डबीत घालून न्या. मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडतं.